कारण लिहायचे राहून गेले

वाचकहो, आपल्या घरी प्रेशर कुकर असेलच. गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नये, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आणि का लावू नये, हेही त्याला ठाऊक असते. परंतु क्षणभर अशी कल्पना करा की, पुढच्या पिढीच्या हाती केवळ एवढीच चिठ्ठी पडली : ‘शिजल्यावर दहा मिनिटे थांबा.’ वाफेचा उल्लेख नाही, भाजण्याचा इशारा नाही. मग एखादा घाईतला माणूस म्हणेल, ‘अन्न तर शिजले, ही दहा मिनिटे फुकट का घालवायची?’ त्याचे म्हणणे तर्काला धरूनच असेल आणि तरीही त्याचा हात भाजेल.

अशाच एका चिठ्ठीची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ती चिठ्ठी कागदावर नव्हती, एका यंत्राच्या स्मृतीत होती. तिचा अर्थ लावताना जी चूक झाली, ती मात्र माझी होती.

मी या मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी अनुवादाचे व संपादनाचे काम करते. बी. ए.ला माझा विषय जर्मन होता. नोकरीत त्या भाषेचा उपयोग क्वचितच होतो. परंतु घरात ‘हिला जर्मन येते’ अशी माझी ख्याती आहे आणि ती मीही कधी नाकारली नाही. माझा थोरला भाऊ सुरतजवळच्या एका कापड-प्रक्रियेच्या कारखान्यात विजेच्या देखभालीचे काम पाहतो. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारी त्याचा फोन आला. “अगं, तुझी जर्मन कामाला येते का बघ. एका पॅनलच्या दारावर कागद चिकटवलेला आहे, पण तो बहुतेक पुसून गेलाय.”

त्या कारखान्यात मालकांनी एक जुने जर्मन यंत्र विकत घेतले होते. रंगवून धुतलेले ओले कापड एका मोठ्या जाळीदार टोपलीत भरावयाचे आणि ती टोपली मिनिटाला शेकडो फेरे या वेगाने फिरवावयाची, म्हणजे कापडातले पाणी बाहेर फेकले जाते. घरच्या धुलाईयंत्रातही हेच तत्त्व असते. फरक एवढाच की, येथे एका वेळी क्विंटलभराहून अधिक ओझे फिरत असते. कामगार या यंत्राला नुसते ‘हायड्रो’ म्हणतात. त्याच्या झाकणाला कुलूप असते. टोपली फिरत असताना कोणी आत हात घातला आणि ओल्या कापडाचा पीळ मनगटाला बसला, तर माणसाला हात मागे घेता येत नाही. म्हणून हे कुलूप माणसाच्या हाती न ठेवता यंत्राच्या नियंत्रकाच्या हाती दिलेले असते.

या नियंत्रकाला कारखान्यात पीएलसी म्हणतात. त्याचा जन्म मोटारींच्या कारखान्यासाठी झाला. पूर्वी यंत्रांचा क्रम सांभाळण्यासाठी शेकडो रिले कपाटात बसवीत. गाडीचा नमुना बदलला की कपाटातील तारांचे सारे जाळे उकलून पुन्हा जोडावे लागे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या एका विभागाने याला पर्याय मागितला. अमेरिकेतील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा मंडळीत डिक मोर्ली व त्यांचे सहकारी त्याच सुमारास तशाच कल्पनेवर काम करीत होते. त्यांचा नियंत्रक १९६९ साली पुढे आला. तो त्या मंडळींचा चौऱ्याऐंशिवा प्रकल्प होता, म्हणून त्याचे नाव ‘मोडिकॉन ०८४’ असे पडले.

या शोधातील मनुष्यस्वभावाची जाण मला विशेष भावते. कारखान्यातील वायरमन रिलेचे नकाशे वाचण्यास सरावलेला होता. तेव्हा नव्या यंत्राच्या सूचनाही त्याच नकाशाच्या रूपात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक मांडण्यात आल्या. गणकयंत्राचे शिक्षण नसलेल्या माणसालाही त्या वाचता याव्यात, हा त्यामागील हेतू होता. नियंत्रक प्रत्येक स्विचची स्थिती पाहतो, साऱ्या पायऱ्या वरून खाली वाचतो, त्यानुसार मोटारी व झडपा चालू-बंद करतो आणि सेकंदाच्या अल्पशा भागात पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. रात्रंदिवस त्याचे हे पारायण चालू असते.

जे वायरमनला वाचता यावे म्हणून घडविले, तेच पुढे वाचता येईनासे का व्हावे? दादाने मला त्याचे कारण सांगितले. माझ्यासारख्या शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला ते ऐकून धक्काच बसला. त्यांचा नियंत्रक सिमॅटिक एस-५ या १९७९ साली निघालेल्या मालिकेतील होता. त्या काळी स्मृती महाग आणि तोकडी असे. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक खुणेला जे नाव देई आणि कडेला ज्या टिपा लिही, त्या नियंत्रकात उतरतच नसत. त्या लिहिणाऱ्याच्या चकतीवर राहात. यंत्रात जात असे तो केवळ आज्ञांचा सांगाडा. चकती हरवली की ‘झाकणाचे कुलूप’ हे नाव हरवले, उरले ते ‘ए ४.३’. अलीकडच्या अनेक नियंत्रकांत नावे आणि टिपाही यंत्रातच साठविण्याची सोय आहे. परंतु जुनी यंत्रे अजून कितीतरी ठिकाणी इमानाने चालत आहेत. दादाचे हायड्रो दोन मालकांच्या हातून आले होते. चकती कोठे गेली हे सांगणारा कोणी नव्हता.

मी विचारले, “मग तू ते वाचतोस तरी कसे?”

तो म्हणाला, “तू जुनी पोथी वाचशील तसेच.”

त्याची रीत मी पुढे प्रत्यक्ष पाहिली, ती अशी. सर्वांत आधी यंत्रातील प्रोग्रॅमची प्रत काढून ती दोन ठिकाणी जपून ठेवावयाची. कारण तशा नियंत्रकाची स्मृती पुष्कळदा एका लहानशा बॅटरीवर तगलेली असते, आणि बॅटरी संपलेली असताना वीज गेली की पोथी कोरी होते. मग एक वही घ्यावयाची. यंत्रावरील एकेक स्विच हाताने दाबावयाचा आणि पॅनलमध्ये कोणता दिवा लागतो किंवा विझतो ते पाहून त्या दिव्यापुढे स्विचचे नाव लिहावयाचे. ज्याचा उलगडा होत नाही, त्याची तार बोटाने चाचपत शेवटपर्यंत जावयाचे. त्यानंतर प्रत्येक खूण प्रोग्रॅममध्ये कोठे कोठे आली आहे याची सूची करावयाची. एवढे झाल्यावर चालत्या यंत्राशेजारी बसून पायरीमागून पायरी जिवंत होताना पाहावयाची. आणि हे सारे पुरे होईपर्यंत एकही अक्षर बदलावयाचे नाही.

यात फसगतीच्या जागा पुष्कळ. उदाहरणार्थ, यंत्र थांबविण्याच्या बटनाची तार मुद्दाम अशी जोडतात की, बटन दाबलेले नसताना विजेचा प्रवाह चालू असावा आणि दाबताच तुटावा. त्यामुळे तार मध्येच तुटली तरी यंत्र थांबतेच. परिणामी प्रोग्रॅममध्ये ‘बटन आहे’ असे दिसले की त्याचा अर्थ ‘बटन दाबलेले नाही’ असा घ्यावा लागतो. नवखा माणूस हमखास उलटे वाचतो.

दादाजवळचे वाचनाचे साधनही जर्मन रूपात होते. त्याने मला फोनवर पाच ओळी वाचून दाखविल्या :

यूएन ए ४.०
एल केटी ०२४.३
एसई टी ७
यू टी ७
= ए ४.३

“यातले ‘यू’ म्हणजे काय?” त्याने विचारले. मी म्हटले, “ते ‘उंट’. अर्थ ‘आणि’.” पलीकडे क्षणभर शांतता. “उंट? चारशे ओळींत उंटांचा तांडाच आहे की!” आम्ही दोघेही हसलो. ‘यूएन’ म्हणजे ‘आणि नाही’, ‘ए’ म्हणजे बाहेर जाणारी आज्ञा, ‘टी’ म्हणजे घड्याळ, असे एकेक जुळत गेले. ‘ए ४.०’ ही मोटार आणि ‘ए ४.३’ हे झाकणाचे कुलूप, हे त्याने दिवे पाहून आधीच ठरविले होते. म्हणजे वाक्य असे झाले : मोटार चालू नसेल तर सातवे घड्याळ सुरू कर, आणि ते पुरे झाले की कुलूप उघड.

किती वेळाने? येथे त्याच्या हाताखालचा एक तरुण आधी फसला होता. ०२४.३ हे त्याने सव्वीस जानेवारीच्या संचलनातील वेळेसारखे सरळ वाचले : चोवीस पूर्णांक तीन दशांश सेकंद. प्रत्यक्षात कुलूप चार मिनिटे उघडत नसे. तेव्हा ‘कुलूपच अडकते आहे, ते बाजूला काढून टाकू,’ असा त्याचा सल्ला होता. पण त्या लिपीत टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. टिंबानंतरचा अंक एकक सांगतो. शून्य म्हणजे सेकंदाचा शतांश, एक म्हणजे दशांश, दोन म्हणजे एक सेकंद, तीन म्हणजे दहा सेकंद. तेव्हा २४ गुणिले १०, म्हणजे २४० सेकंद. कुलूप निर्दोष होते. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला चार मिनिटेच हवी होती.

परंतु का? दर खेपेला चार मिनिटे कामगार झाकणापाशी ताटकळत. मालकांनाही ही चार मिनिटे खुपत होती. दारावरच्या त्या पुसट कागदावर सातव्या घड्याळापुढे एकच शब्द शिल्लक होता : ‘नाखलाउफ’. तो अर्थ मला सांगावयाचा होता.

वाचकहो, त्या दिवशी आमचा अंक छपाईला जावयाचा होता. मेजावर तपासणीची पाने पसरली होती. मी कोश उघडला. ‘नाख’ म्हणजे नंतर, ‘लाउफ’ म्हणजे धाव, क्रम, फेरी. या जोडशब्दाचे अर्थ कोशात अनेक : ऊर्ध्वपातनात शेवटी निघणारा अर्क, मोटारीच्या पुढच्या चाकांच्या कलाचे एक माप, आणखीही काही. मी त्यांतून एक सुसंस्कृत मराठी शब्द घडविला आणि त्याला सांगितला : “पश्चात्-क्रिया. मुख्य काम झाल्यावरची एखादी पुढची पायरी असावी.” माझ्या स्वरात शंकेचा लवलेश नव्हता. ते यंत्र बंद केल्यावर काय करते, असा साधा प्रश्नही मी त्याला विचारला नाही.

दादाने विचार केला, जुन्या मालकाकडे पाणी काढल्यावर काही अधिक प्रक्रिया होत असेल, आपल्याकडे ती नाही. म्हणजे ही चार मिनिटे मागील संसारातले उरलेले सामान. त्याने वरिष्ठांना कळविले की, सुटीच्या दिवशी हे थांबणे एका मिनिटावर आणता येईल. सर्वांना आनंद झाला.

सुटीच्या दिवशी त्याने ओले कापड भरून यंत्र पूर्ण वेगाने चालविले. जाळीआडच्या मोठ्या चाकावर आधीच खडूची ठळक रेघ ओढून ठेवली होती. मोटार बंद करताच ब्रेक लागला आणि चाळीस सेकंदांत रेघ स्थिर झाली. मिनिटभर पुरेसे होते. दुसरा कोणी असता तर तेथेच आकडा बदलून घरी गेला असता.

पण त्याच्या रीतीतला शेवटचा प्रश्न राहिला होता : ज्याने हे लिहिले तो मूर्ख नसेल, तर त्याच्या मनात काय असेल? तो ब्रेक दाबलेल्या हवेवर चालत असे. दादाने झाकण बंद ठेवून, आसपास कोणी नाही याची खात्री करून, ब्रेककडे जाणारी हवा बंद केली आणि तीच चाचणी पुन्हा घेतली. मोटार बंद झाली. खडूची रेघ मात्र फिरतच राहिली. एक मिनिट झाले, दोन झाली. तीन मिनिटे आणि वीस सेकंदांनी चाक थांबले.

त्या रात्री त्याचा फोन आला. “तो शब्द काय होता म्हणालीस? तुकडे करून सांग.”

“नंतर... धावणे,” मी म्हणाले. “मागाहून धावत राहणे.”

“तेच ते,” तो म्हणाला. “बंद केल्यावरही धावत राहते ते.”

मी निरुत्तर झाले. शब्दात सारे काही होते. यंत्र बंद केल्यावर ते आपल्याच वेगाने फिरत राहते, त्यालाच जर्मन यंत्रज्ञ तो शब्द वापरतात. लिहिणाऱ्याने ब्रेक निकामी झाल्याचा दिवस गृहीत धरून, वर थोडी सवड ठेवून, चार मिनिटे योजिली होती. एका मिनिटाने कुलूप उघडले असते, तर वर्षभर काहीही झाले नसते. आणि ज्या दिवशी हवेची नळी फुटली असती, त्या दिवशी कोणीतरी पोट भरायला दूर गावाहून आलेला माणूस सवयीने झाकण उघडून आत वाकला असता. त्याचे नाव मला कधी कळले नसते. माझा ‘पश्चात्-क्रिया’ हा शब्द मात्र त्या अपघाताच्या मुळाशी राहिला असता.

दादाने मला बोल लावला नाही. तो एवढेच म्हणाला, “तुझी एकटीची चूक नाही. तू यंत्र पाहिले नव्हतेस, मी शब्द ओळखत नव्हतो, आणि ज्याला दोन्ही ठाऊक होते त्याने कारण लिहिले नाही.” पुढे त्याच्या आग्रहावरून टोपली खरोखर थांबली की नाही हे ओळखणारे एक सुरक्षा-उपकरण त्या यंत्राला बसविण्यात आले. आता झाकण चाक थांबल्यावर उघडते. घड्याळाचा अंदाज बांधावा लागत नाही. ते येईपर्यंत तीन महिने साऱ्यांनी चार-चार मिनिटे वाट पाहिली. का पाहावयाची हे एकदा समजल्यावर कोणी तक्रार केली नाही, असे दादा सांगतो.

दिवाळीच्या सुटीत मी सुरतेस गेले, तेव्हा त्याने ती वही माझ्यापुढे ठेवली. चारशे ओळींपैकी प्रत्येक पायरीसमोर आता नाव होते. आणि नावापुढे एक वेगळा रकाना, ज्याच्या माथ्यावर त्याने ‘का?’ असे लिहिले होते. काही जागी उत्तर होते, काही जागी नुसते प्रश्नचिन्ह आणि तारीख. न कळलेले न कळलेले म्हणून नोंदविण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला. पॅनलच्या दारासाठी त्याला एक नवा कागद हवा होता. यंत्रावर काम करणारे बहुतेक ओडिशाचे, काही उत्तरेचे, काही गुजरातचे. तेव्हा मी परतल्यावर इतर आवृत्त्यांतील सहकाऱ्यांना घेऊन बसले, आणि हिंदी, गुजराती व ओडिया अशा तिन्ही भाषांत त्या कागदाचा मजकूर सिद्ध केला. या खेपेस मी प्रत्येक शब्दामागे दादाला विचारीत होते, ‘हे झाल्यावर यंत्र काय करते?’ त्याची पहिली ओळ अशी आहे : ‘मोटार बंद झाली तरी टोपली फिरत असते, म्हणून झाकण उशिरा उघडते.’

या वाक्यातील ‘म्हणून’ हाच शब्द मूळ कागदावर नव्हता.

वाचकहो, आपल्यापैकी थोड्याच जणांचा कारखान्याशी संबंध येत असेल. परंतु घराघरांत अशा बिननावाच्या कळा आहेतच. पाण्याच्या पंपाचा तो एक खटका, जो वडील कोणाला लावू देत नाहीत. आईच्या औषधांतील ती एक गोळी, जी जेवणाआधीच घ्यावयाची. गच्चीवरची एक तोटी, जी पावसाळ्यात बंद ठेवावयाची. जाणणारे माणूस घरात आहे तोवर सारे सुरळीत चालते. ते चार दिवस परगावी गेले, की घरच्यांच्या हाती केवळ आज्ञा उरते आणि कोणीतरी घाईतला तिला अनावश्यक ठरवितो.

म्हणून माझी आपणांस एक विनंती आहे. येत्या रविवारी अर्धा तास काढा. घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि अशा दोन-चार गोष्टी त्यांच्या तोंडून लिहून घ्या. काय करावयाचे, ते एका ओळीत. का करावयाचे, ते पुढच्या ओळीत. कागद त्या खटक्याशेजारीच चिकटवा, आणि शाई पुसट होऊ लागली की पुन्हा लिहा.

मीही माझ्या मेजाच्या खणात आता एक वही ठेवली आहे. अनुवाद करताना एखादा शब्द निवडला की तो का निवडला, हे तीत टिपून ठेवते. आणि जेथे कारण सांगता येत नाही, तेथे अंक कितीही घाईचा असला तरी फोन उचलते व विचारते.